विहीणबाईंचा स्वेटर आणि झाकणाचा टोप

सरळ सांगते, चूक माझीच होती. पण कांदिवलीत राहून तो स्वेटर तीन महिने कपाटात ठेवून दाखवा, मग मला बोला.

आमचा देवेश नोकरीसाठी आयर्लंडला असतो. तिथल्याच नोराशी त्याचं जमलं. साखरपुड्याला नोराच्या आईने, म्हणजे माझ्या विहीणबाई मॉरीन यांनी, आमच्या ह्यांच्यासाठी स्वतः विणलेला स्वेटर पाठवला. पांढरा, जाडजूड, छातीवर दोरखंडासारखे पीळ. आणि वास म्हणाल तर ओल्या मेंढीचा. माझ्या साड्यांनासुद्धा तो लागला. हे एकदा घालून आरशासमोर उभे राहिले आणि घामाघूम होऊन पंख्याखाली बसले.

मग आली कमल भांडीवाली. दोन जुन्या पँटी आणि एक साडी दिली, तर बाई वाटीच्या पुढे सरकेना. मी रागाने स्वेटर आणून टाकला. तिने हातात तोलला आणि मुकाट्याने जाड बुडाचा टोप काढला, वर झाकणही दिलं. त्या दिवशी मी फार खूश होते.

गेल्या गुरुवारी देवेशचा फोन आला. "आई, रविवारी मॉरीनला घेऊन येतोय. बाबांना तो स्वेटर घालून तयार ठेव, तिला फोटो काढायचाय. तिचं घराणं तिकडच्या बेटावरचं. प्रत्येक कोळी घराण्याची वीण वेगळी असते म्हणे. समुद्रात कोणी बुडालं तर स्वेटरवरून ओळखायचे."

मानपानाची साडी परत केली म्हणून आमच्या गावात विहिणी वीस वर्षं बोलत नाहीत. मी तर घराण्याची खूण देऊन टोप घेतला होता. लग्न मोडलं तर देवेशला काय तोंड दाखवू?

तशीच चप्पल घालून निघाले आणि बाजारात कमलला गाठलं. ती म्हणाली, "ताई, तो कधीच गेला. मनोरीच्या एका कोळणीने नवऱ्यासाठी नेला. पहाटे होडीवर गारठा लागतो म्हणे."

रविवारी विहीणबाई आल्या. उंच, हसऱ्या, पायात साध्या चपला. मी त्याच टोपात कोंबडीचा रस्सा केला होता, दुसरा एवढा मोठा टोप होता कुठे घरात. दोन घास झाल्यावर त्यांनी स्वेटरचं विचारलंच. मी म्हटलं, "ड्रायक्लीनला दिलाय." ह्यांना खोटं जमत नाही. मान खाली घालून आमचे जयवंतराव मालवणीत बोलले, "हिने तो भांडीवालीक दिल्यान."

देवेशचा चेहरा उतरला. विहीणबाई त्याला म्हणाल्या, काय झालं ते मला सांग. बिचाऱ्याने मला विचारत विचारत, अडखळत सगळं सांगितलं, मनोरीसकट. मी रडकुंडीला येऊन टोपच उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी टोपाच्या बुडावर बोटाने टकटक केलं. झाकण लावून पाहिलं. आणि अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

देवेश भाषांतर करत होता. "ती म्हणते, बुडालेल्यांची गोष्ट दुकानदार गिऱ्हाइकांना सांगतात. नोराकडून मीही तीच ऐकली होती. मॉरीनची आजी स्वेटर विणायची ते विकायला. घरात कुणाला हात लावू द्यायची नाही. स्वेटर व्यापाऱ्याला द्यायचा आणि पीठ, चहा घ्यायचा. आजीचं पहिलं लोखंडी भांडं स्वेटरवरच आलं. पण त्याला झाकण नव्हतं." मग विहीणबाई आणखी काही बोलल्या आणि देवेशही हसला. "म्हणते, आमच्या घरातला एक तरी स्वेटर खऱ्या कोळ्याच्या अंगावर गेला."

माझा जीव भांड्यात पडला, तोही झाकणासकट.

मंगळवारी कमलची हाक आली तशा विहीणबाई माझ्याआधी दारात. बॅगेतून त्यांनी दुसरा स्वेटर काढला, निळा, माझ्या मापाचा. माझ्यासाठी विणलेला, पण रविवारच्या प्रकारानंतर द्यायला लाजत होत्या. खुणेनेच त्यांनी विचारलं, ह्याचं काय मिळेल. कमलने तोलला आणि भलीमोठी कढई पुढे केली. कढई मला खरंच हवी होती.

मी कमलच्या हातातून स्वेटर ओढून घेतला आणि तिथेच, मे महिन्यात, अंगात घातला.

"कढई राहू दे गं," मी म्हटलं. "हा नाही द्यायचा."