सोनेरी रंगाखालचा प्रोजेक्टर

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि मित्रांनो, सध्या मला स्वतःचीच किळस येते. अंगावर सोनेरी रंग थापलाय, गळ्यात प्लास्टिकच्या फुलांची माळ घातलीय आणि चित्रपटगृहाच्या दारात उभं केलंय. येणारे-जाणारे माझ्या जाळीत खुशाल च्युइंगगम चिकटवतात.

या शहराचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव माझ्यापासून सुरू झाला, तोही चुकीने. वाचनालयाने पक्ष्यांवरची फिल्म मागवली होती. आले भलतेच, एका परदेशी चित्रपटाचे चार डबे! त्यांवरचे आकडेही अनोळखी. ऑपरेटरकाकांनी अंदाजाने रीळ चढवलं आणि शेवटचा डबा पहिला लागला. नायक सुरुवातीलाच मेला! डब्यातल्या कागदावरची कथा शब्दकोशातून लावून ग्रंथपालबाई ती सांगायला उभ्या होत्या. त्या क्षणभर गडबडल्या, मग म्हणाल्या, "आता पुढचं सगळं त्याच्या बायकोला आठवतंय." सभागृहाने डोळे पुसले. पुढच्या वर्षी लोकांनीच हट्ट धरला आणि सहा देशांचे डबे आले.

काका रोज सकाळी माझ्या दातेरी चाकांना तेल द्यायचे. मग नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत गेलो. तिथे उंदरांनी माझी वायर कुरतडली, पण त्यांनी निदान भाषण तरी केलं नाही.

यंदा पंचविसावा महोत्सव. मला नवी वायर जोडून तेच पहिलं रीळ काकांच्या हातून माझ्यावर लावायचं ठरलं. काकांची नजर जात चाललीय. "पूर्ण अंधारायच्या आत एकदा बघू दे," असं मुलीला सांगत ते आले. महोत्सवाचे अध्यक्ष गरजले, "हा महोत्सव म्हणजे माझं स्वप्न!" खरंच असेल. पहिल्या खेळाला हे महाशय घोरतच होते.

काकांनी बटण दाबलं. मी घरघरलो आणि अडकलो. रीळ टर्रकन फाटलं. काकांनी बोटाने चाचपलं.

"अहो, याच्या दातांत रंग ओतलात?"

"फोटोत चमकायला नको का, काका?" अध्यक्ष म्हणाले.

फोटो निघाले, टाळ्या पडल्या, सगळे खायला पळाले.

"बाबा, चला घरी."

"थांब गं. तुझ्या केसांतली पिन दे."

काका वाकून रंग खरवडत राहिले. बऱ्याच वेळाने एक चाक फिरलं, फक्त एक. त्यांच्या अंधुक नजरेला ते दिसलं नाही, पण आवाज ऐकून ते हसले.

मित्रांनो, माझा सत्कार करू नका. जमलं तर एक पिन आणि थोडं तेल घेऊन या. आणि जरा लवकर या, काकांना अजून थोडंसं दिसतंय.