आधी घंटी, मग गाणं

मी एक जुनी पितळी घंटी आहे, साहेबांच्या टेबलावर असते ना, तसली. डोक्यावरचं बटण दाबलं की 'टिंग' म्हणते. देवघरातली समजून कुणी मला हळदकुंकू लावू नये, एवढंच सांगणं. एकदा लावलंय!

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं अलिबागच्या एका कचेरीत गेली. मी वाजले की शिपाई धावत यायचा. काय तो रुबाब! पुढे विजेची बेल आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथले हेडक्लार्क मार्तंडराव निवृत्त झाले, तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी मला घरी आणलं. बायकोला, अनुसूयाबाईंना म्हणाले, "घे. आता आधी कुणी ओळखलं, यावरून भांडणं नकोत."

भांडणं गाण्यांवरून व्हायची. त्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत रोज संध्याकाळी अंगणात एक खेळ रंगायचा. एकाने गाण्यातली मधलीच एखादी ओळ सांगायची, तीही चाल न लावता, बातम्या वाचल्यासारखी कोरडी. ज्याला गाणं ओळखता येईल त्याने आधी मला दाबायचं, मग बोलायचं. अनुसूयाबाई समोरच्याची ओळ पुरी होऊ देतील तर शपथ! दोन शब्दांत टिंग. वर सगळी कडवी म्हणून दाखवायच्या. मुलगा यशोधन चिडायचा, "आई, तू खेळूच नकोस बघू!" आणि खेळ मांडला की पहिली हाक तिलाच मारायचा. बाईंचा तळहात कायम माझ्यावर असायचा. फार सुखात होते मी.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कानात मशीन घातलं, तर ते शिट्ट्या मारायचं. चार माणसं बोलली की नुसता कलकलाट. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत कुणीतरी ओळ दिली, "सांज झाली, परत ये ना." बाईंनी मला दाबलं आणि म्हणाल्या, "इश्श, हे काय गाणं? भात झाला, परत घे ना?"

सगळे पोट धरून हसले. त्याही हसल्या. पण पुढे ती घरातली थट्टाच होऊन बसली. कुणीही उठावं आणि "भात झाला!" म्हणावं. बाई हसत राहिल्या, पण हात मांडीवरच ठेवू लागल्या. दुसऱ्या कुणी मला वाजवलं तरी त्या वळून बघायच्या नाहीत. माझा आवाजही त्यांना ऐकू येत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं हो.

यंदा यशोधन आपल्या मुलीला, मैथिलीला घेऊन मुंबईहून आला. पुन्हा खेळ मांडला. मार्तंडरावांनी अशी ओळ काढली की कुणालाच येईना. मैथिली आजीसमोर उकिडवी बसली, तिची हनुवटी धरली आणि ओळ सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितली. पुन्हा सांगितली. बाईंचे ओठ हलले. डोळे मिटले. किती दिवसांनी तो हात माझ्यावर आला! बोट बटणावर टेकलं. मित्रांनो, अगदी ओठांवर आलं होतं त्यांच्या.

"मिळालं!" यशोधन ओरडला. त्याने मोबाइलवर शोधलं होतं. लगेच गाणं लावलं आणि सगळे टाळ्या वाजवत गाऊ लागले. बाईंनी डोळे उघडले. सगळ्यांची तोंडं हलताना दिसली, तेव्हा उत्तर आधीच सांगून झाल्याचं त्यांना समजलं.

"बाबा, तिला येत होतं!" मैथिली रडकुंडीला आली.

"अगं, मग पुढच्या वेळी सांगेल."

बाईंनी हात काढून घेतला. "राहू दे गं," त्या म्हणाल्या, "मला कुठं येतंय आता काही."

मित्रांनो, मला चिंच लावून लखलखीत करा, असं मी म्हणत नाही. काळी पडले तर पडले. पण घरात कुणी डोळे मिटून काही आठवत असेल, तर उत्तर हातात असलं तरी जरा गप्प बसा. ओळ पुन्हा सांगा. जवळ जाऊन सांगा.

अनुसूयाबाईंना ते गाणं येत होतं. हे मला ठाऊक आहे, आणि मैथिलीला. आता तर खुद्द बाईंनाही ते खरं वाटत नाही.