जी बसली ती केबल

आमच्या ह्यांना एकच व्यसन आहे, आवरण्याचं. सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. निवृत्त झाल्यावर वर्गवारी लावायला पुस्तकं उरली नाहीत, म्हणून मोर्चा घराकडे वळला. स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लागल्या. मोजे रंगाप्रमाणे लागले, त्यात दोन जोड्या कायमच्या फुटल्या. मी काही बोलले नाही, कारण माणूस कुठेतरी रमलेला बरा. पण मग त्यांनी वायरींचा ड्रॉवर आवरला.

माझं काम मागच्या खोलीत चालतं. न बांधलेल्या इमारती मी कॉम्प्युटरवर उभ्या करते आणि त्यांतून फिरल्यासारखी फिल्म बनवते. पन्नाशी उलटल्यावर शिकले. वर्गात सगळे मला मावशी म्हणायचे आणि माझ्याकडूनच गृहपाठ उतरवून घ्यायचे. सध्या एका रुग्णालयाचा लहान मुलांचा विभाग करत होते. खिडक्या मुलांच्या उंचीला, भिंतीवर मासे. फार जीव लावला होता मी त्याला.

आणि महिनाभर फिल्म तयार होत नव्हती. चित्र नुसतं उघडलं तर सगळं ठीक. फिल्म बनवायला घेतली की पाचव्या मिनिटाला कॉम्प्युटर ठप्प. मी मासे कमी केले, सावल्या काढल्या, पडदे काढले. तरी ठप्प. आर्किटेक्ट आधी हसून विचारायचा, मग नुसतं विचारायचा. शेवटी म्हणाला, "रविवार संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी देतो." त्यावर आमच्या घरातलं सांत्वन असं : "अगं, या वयात सगळंच झेपतं असं नाही. सोडून दे." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर राग त्यांच्या बोलण्याचा नव्हता. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, त्याचा होता.

अबोला फार चालला तेव्हा स्वारी बाहेर गेली आणि चित्रांचं ओझं उचलणारं नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आली. माझ्या धाकट्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या कार्डाचं वय झालं असेल, असा त्याचाही अंदाज होता. कार्ड चांगलं विटेएवढं होतं. "मी बसवणार," हे म्हणाले. "तुझ्या कामाला माझा हात लागू दे जरा." हे ऐकून मी विरघळले, तीच चूक.

भावानं फोनवर बजावलं होतं, "ताई, पॉवर सप्लायच्या केबल त्याच्याच हव्यात हं. दुसऱ्याच्या लावू नकोस." वीज पुरवणारा तो डबा दाखवून मी ते ह्यांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. ती मान ते पंख्याच्या वाऱ्यालाही डोलावतात.

रविवारी सकाळी मी दूध आणायला गेले. परत येते तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडं, कार्ड जागेवर, केबल छान वळवून बांधलेल्या आणि ह्यांचं बोट बटणावर.

"थांबा!" मी दारातूनच ओरडले. दुधाची पिशवी खाली पडली, पण फुटली नाही. "केबल कुठल्या लावल्यात?"

"ड्रॉवरमधल्या."

"अहो, पण त्यातल्या कुठल्या?"

"जी बसली ती. खट्टकन बसल्या दोन्ही."

मी आधी भिंतीतला प्लग उपटला आणि मग भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "भावोजी, कार्डाकडचं तोंड सगळ्यांचं सारखंच असतं. पॉवर सप्लायकडच्या टोकाला मात्र प्रत्येक कंपनी वायरी आपल्या क्रमानं लावते. तिथेही दुसऱ्याची केबल बसते कधीकधी. बसते आणि जाळते."

"मग तोंडं एकसारखी करतातच कशाला?" हे चिडले.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," मी म्हटलं. "ड्रॉवरमध्ये आपल्या कोणत्या, लेकाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या कोणत्या, भावाच्या दुकानातून आलेल्या कोणत्या, ते सांगा. तिन्ही पिशव्यांवर नावं होती."

हे खुर्चीच्या पाठीकडे बघत म्हणाले, "पिशव्या टाकल्या. तीन आकाराच्या होत्या, बरं दिसत नव्हतं. मी तोंडाच्या आकाराप्रमाणे लावल्या."

फोनवर भाऊ खो-खो हसत सुटला. "भावोजींनी तिन्ही घरांचं एकत्र कुटुंब केलं की!"

मला हसू येत नव्हतं. संध्याकाळ डोळ्यांसमोर दिसत होती. दुकान बंद, भाऊ परगावी, आणि ड्रॉवरमध्ये काळ्या केबलींची एकसारखी जुडी, वर रिबिन बांधलेली. रिबिन! ग्रंथपालाच्या बायकोला कपाळावर हात मारायलाही जागा उरली नाही.

भावानं युक्ती सांगितली. कार्ड काढायचं. पॉवर सप्लाय बाहेर घेऊन एकटाच चालू करायचा आणि त्याला एका वेळी एकच केबल लावायची. तिचं दुसरं टोक मोकळं ठेवून भोकं व्होल्ट मोजणाऱ्या मीटरने तपासायची. कुठल्या भोकात बारा दिसायला हवेत आणि कुठे काहीच नाही, त्याचं चित्र त्यानं पाठवलं. आम्ही दोघं टेबलाखाली बसलो. हे मीटरच्या सुया धरायचे, मी आकडा वाचायचे.

"बारा. बारा. इथेही बारा. ही आपली."

"ही?"

"उलटं दाखवतेय. ही लेकाची. बापावर गेलीय."

"टोमणे नंतर. पुढची."

डोक्याला डोकं लागत होतं. कित्येक दिवसांनी आम्ही इतक्या जवळ बसून काहीतरी करत होतो. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. आमच्या पॉवर सप्लायच्या दोन केबल सापडल्या. मी त्यांना लाल धागा बांधला. मग टेबलावर वेगळी ठेवलेली एक केबल दिसली, एका टोकाला दोन तोंडं फुटलेली.

"ही कुठली?"

"ती आपलीच. जुन्या कार्डाला होती, आज सकाळी काढली."

मी मीटरने बघितली. खरंच आपली होती. पण माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. "जुन्या कार्डाला दोन वेगळ्या केबल होत्या. भावानं बसवल्या तेव्हा मी इथेच उभी होते."

"होत्या ना. पण आवरताना ही मिळाली. एकीत काम होतंय तर दोन कशाला? आत किती सुटसुटीत दिसायला लागलं!"

"कधी बदललीत?"

"ड्रॉवर आवरला तेव्हा. झाला असेल महिना."

फोन अजून स्पीकरवरच होता. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, त्या कार्डाला दोन केबलींचा भार लागतो. एकीवर टाकला तर एरवी चालेल, पण जोराचं काम आलं की पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद पडेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी जुनंच कार्ड परत बसवायला लावलं, लाल धाग्याच्या दोन केबल जोडल्या आणि फिल्म सुरू केली. पाचवं मिनिट गेलं. दहावं गेलं. पंखे घुमत राहिले. महिनाभर मी काढून टाकलेले सगळे मासे एकेक करून भिंतीवर परत ठेवले, तरी काही बंद पडलं नाही. आणि मला रडू आलं. काम वाचलं म्हणून नाही. महिनाभर मी आरशात बघून स्वतःला सांगत होते, बाई, तुला झेपत नाही.

हे उभेच होते. "नवं कार्ड परत करून येऊ का?" एवढंच विचारलं.

"कौतुकानं आणलंत ना? लावा."

दुपारी नवं कार्ड त्याच दोन केबलींवर बसलं आणि उन्हं उतरायच्या आत फिल्म गेली. मी आर्किटेक्टला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्यानं बघितली होती. म्हणाला, "छान झालीय हो. पण झेपत नव्हतं तर आधीच सांगायचं. नवी सॉफ्टवेअरं तुमच्या वयाला जड जातात, मी समजू शकतो."

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. उभ्या नोकरीत एक पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं तर शिपायाला दोन तास झापणारा, स्वतःची चूक जन्मात कबूल न करणारा हा माणूस. कान लाल झाले होते.

"तिचा नवरा बोलतोय," हे म्हणाले. "तिला सगळं झेपत होतं. महिनाभर तिचा कॉम्प्युटर मी बिघडवून ठेवला होता आणि वर तिलाच वय सांगत होतो. तुम्ही ती चूक करू नका."