साक्षीची तालीम

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की आदल्या संध्याकाळी शिरूरला हेन्रीच्या घरी तालीम असायची. साक्षीची. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, ती साक्ष. हेन्रीची मर्सी इंग्लंडात लीड्सला शिकायला गेली, तेव्हापासून तिची साक्ष देवळातल्या मोठ्या पडद्यावर फोन जोडून दाखवायची पद्धतच पडली होती. हेन्री सणसवाडीच्या एका कंपनीत सुपरवायझर. तिथं मशिन सुरू करण्याआधी दोनदा तपासायची त्याची सवय, तीच त्यानं लेकीच्या साक्षीलाही लावली. फोनवर तिला पढवायचा, खोलीचं सांग, कॉलेजचं सांग, काम मिळालं ते सांग, आणि जरा हसून सांग.

मर्सी हसून सांगायची. तिच्यामागं काचेची भिंत आणि पुस्तकांची उंच मांडणी दिसायची. पोरीची खोली काय सुंदर हाय, असं बायका एकमेकींच्या कानात म्हणायच्या. ती परदेशी निघाली म्हणून चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला तेव्हाही हेन्रीची मान एवढी ताठ झाली नव्हती.

हेन्रीची बायको दबोरा मात्र खाली बघायची. ती मर्सीची खोली नव्हती, हे त्या देवळात एकट्या तिच्या आईला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात एका दुपारी, हेन्री कामावर असताना, मर्सीनं आईला सगळं सांगितलं होतं. घर चौघींचं. मर्सीची गादी बैठकीच्या खोलीत, सोफ्यामागं. भाड्याच्या करारावर तिचं नाव घालायला घरमालक तयार नव्हता. नाव नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून बँकेत खातं उघडत नाही, आणि खातं नाही म्हणून कुणी नीट काम देत नाही. हीटर संध्याकाळी थोडा वेळच लावायचा, असा घरातला नियम. म्हणून ती ऊब शोधत कॉलेजच्या लायब्ररीत बसायची. ती रात्रभर उघडी असते. शिरूरची उपासना सुरू होते तेव्हा तिकडं पहाटेचे चार वाजलेले असतात, हे इथं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आणि आई, बरेचदा मी गुरुद्वारात जेवते," मर्सी म्हणाली होती. "तू कुठली, कोण, काही विचारत नाहीत. एक पोळी मागितली की दोन वाढतात."

दबोराच्या डोळ्यांना धार लागली होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बाळा, हे जेवणाचं देवळात बोलू नको हं. पप्पांना तर नकोच. लोकांत त्यांची मान खाली जाईल. थोडं सोस, बसंल सगळं हळूहळू."

मग मर्सी म्हणाली, "बरं."

ते 'बरं' दबोराच्या छातीत काट्यासारखं मोडून बसलं. नाताळच्या करंज्या तळताना तिच्या मनात येई, आपली पोर आत्ता कुणाच्या पंगतीत बसली असेल? आणि जी पंगत पोरीला जगवते, ती आपण लपवून ठेवायला सांगितली! प्रार्थनेला हात जोडले की हातच परके वाटायचे. पण पहिला रविवार आला की तीच मर्सीला मेसेज करायची, केस नीट बांध, डोळ्यांखाली काळं दिसतंय.

जानेवारीतल्या त्या रविवारी दौंडहून करुणा आली. ही हेन्रीची चुलतबहीण. नवरा रेल्वेत, मुलगी ब्लेसी तिथल्या एका दवाखान्यात नर्स. न्हावऱ्यावरून येणारी एसटी पकडून मायलेकी उपासनेला पोचल्या, मर्सीची साक्ष त्यांनी पडद्यावर पाहिली आणि जेवायला घरी आल्या. सिंधूबाईही जेवायला होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. हेन्रीला पहिलीत त्यांनीच हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवलेलं.

जेवताना करुणानं विषय काढला. मर्सीच्या साक्षीचे व्हिडिओ दौंडच्या मंडळीतही फिरत होते. ते बघून ब्लेसीनंही लीड्सला जायचं मनावर घेतलं होतं. दवाखान्यात ती नुकतीच कायम झाली होती, पण उद्या सकाळी राजीनामा द्यायचा असं ठरलं होतं.

"दादा, तू म्हणशील तसं," करुणा म्हणाली. "पोरगी एकटी जायची. माझ्या जिवाला घोर लागलाय."

"आगं, घोर कसला?" हेन्री म्हणाला. "मर्सी हाय की तिथं. खोली हाय, काम हाय. दे म्हणावं राजीनामा. मी सांगतो ना."

ब्लेसी ताटातला भात चिवडत होती. "मामा, एक विचारू का? मर्सीताई खोलीत बसून बोलते, मग अंगात जॅकेट कशाला घालते?"

"तिकडं बर्फ पडतो, येडे."

"बाहेर पडतो. आत कशाला?"

हेन्री हसला. दबोरा मात्र रस्सा आणते म्हणून आत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या मागोमाग सिंधूबाई आल्या. रस्सा बाहेरच होता, हे त्यांनी पाहिलं होतं.

"काय झालं गं?"

दबोरानं सांगितलं. सोफ्यामागची गादी, लायब्ररी, गुरुद्वारातला लंगर, आणि आपण पोरीचं तोंड कसं बंद केलं तेही.

"ह्यांचा मान राहावा म्हणून केलं, बाई," दबोरा शेवटी म्हणाली. "पोरीचं वाईट चिंतलं न्हाई मी."

"चिंतलं नाहीस, ते कळतंय मला. पण साक्ष म्हणजे काय? आपल्यावर जे गुदरलं तेच सांगायचं. तू तिच्याकडून जाहिरात करून घेतलीस, आणि तीही देवाच्या नावावर. आता त्या जाहिरातीवर भुलून बाहेर बसलेली पोरगी हातातली नोकरी सोडायला निघालीय. उद्या तिची गादी कुठल्या सोफ्यामागं टाकायची?"

"ह्यांना काय वाटंल?"

"वाटू दे. बापाला वाईट वाटलं तर तो दोन दिवस जेवणार नाही. पोरगी तिकडं रोजच धड जेवत नाही."

दबोरानं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर आली. "ब्लेसी, उद्या राजीनामा देऊ नको," ती म्हणाली. हेन्री चमकून बघायला लागला, तोवर तिनं मर्सीला व्हिडिओ कॉल लावला होता.

तिकडं सकाळ होती. कॅमेरा सुरू झाला तो अंधुक खोलीत. बापाचा चेहरा दिसताच मर्सी धडपडून उठली. "पप्पा, थांबा हं, पाच मिनिटं. मी लायब्ररीत जाऊन लावते परत."

"जाऊ नको," दबोरा म्हणाली. "हाईस तिथनंच बोल, बाळा. तुला खोटं बोलायला मी शिकवलं. माझं चुकलं. आता हितं सगळ्यांना खरं सांग."

फोन हेन्रीच्या हातात गेला. जमिनीवरची गादी त्याला दिसली. तिच्यावर अंथरलेली आईच्या साड्यांची गोधडी दिसली. जॅकेटावर शाल गुंडाळलेली लेक दिसली. मर्सी बोलू लागली. आधी अडखळत, मग बांध फुटल्यासारखी. या माणसानं आजवर तिला कितीतरी वाक्यं पढवली होती. त्यातलं एकही आता त्याला आठवेना.

"जेवलीस का गं?" त्यानं विचारलं.

लेक गेल्यापासून हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला होता. मर्सी रडली. हेन्रीनंही डोळे लपवले नाहीत.

दबोरावर तो रागावला, नाही असं नाही. दोन दिवस धड बोलला नाही. "मला का न्हाई सांगितलं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारायचा. तिसऱ्या दिवशी कामावरून आला, डबा ठेवला आणि म्हणाला, "मलाच ऐकायचं नव्हतं, व्हय ना?" दबोरानं त्याच्यापुढं ताट वाढलं. खोटं बोलायचं तिनं सोडलं होतं, आणि खरं बोलायची हिंमत अजून पुरती आली नव्हती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पडदा लावलाच नाही. हेन्री स्वतः उभा राहिला. "माझ्या पोरीला राहायला नीट जागा न्हाई," तो म्हणाला. "काही दिवस परक्यांनी तिला जेवू घातलं, त्यांचे उपकार मानतो. मंडळीनं प्रार्थना करावी. कुणाची वळख असंल तर सांगावं." हसलं कुणीच नाही. उपासना सुटल्यावर एकानं सांगितलं, माझी मेव्हणी लीड्सजवळच ब्रॅडफर्डला नर्स आहे. दुसऱ्यानं भाच्याचा नंबर दिला. ही माणसं इतके महिने त्याच बाकांवर बसत होती. मर्सीला काही हवं आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, तर ती मदत कशी करतील? फेब्रुवारी संपायच्या आत त्या मेव्हणीच्या ओळखीनं मर्सीला एका घरात लहानशी खोली मिळाली, करारावर स्वतःच्या नावाची. ब्लेसी नोकरीवर कायम आहे. नर्सची तिकडची परीक्षा कशी असते, ते ती आता मर्सीताईला विचारते. जाईल, पण डोळे उघडे ठेवून जाईल.

वाचकहो, आज गावोगावची पोरं परदेशी चालली आहेत. त्यांनी जावं, शिकावं, मोठं व्हावं. पण आपण त्यांच्या कपाळावर आपला मान चिकटवून पाठवतो आणि मग त्यांना रडायलाही जागा उरत नाही. पोरांचं यश चारचौघांत जरूर सांगा. पण त्याआधी त्यांचं दुःख घरात ऐकून घ्या. परक्या शहरात पाय रोवायला वेळ लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटायची असेल तर एवढ्याचीच वाटावी, की आपलं लेकरू उपाशी होतं आणि त्याला हसायला आपण सांगितलं.