बारा दिवसांची पट्टी

"पट्टी सोडा, आई," रनिल्डा म्हणाली. "तिचं डोकं गोलच राहू द्या."

कोरगामावशीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मांडीवरच्या नातीच्या कपाळाभोवती तिने लोकरीच्या पट्टीचा आणखी एक वेढा दिला. आमच्या तळावरच्या झाडून सगळ्या पोरांची डोकी तिनेच बांधली होती, माझंसुद्धा. कोवळं हाड वेळेत वळवलं नाही तर पुढे वळत नाही. लांब डोक्याचा तो हूण, बाकीचे सगळे उपरे, असा आमचा माज होता.

"तुम्हा गॉथांना काय कळणार यातलं?" मावशी म्हणाली. "माझ्या ताराखची पोर आहे ही. बाप लढाईत गेला म्हणून काय भोपळ्यासारख्या डोक्याची वाढवू?"

"बाप गेला म्हणूनच म्हणते. नदीवर ते गेपिड डोकी चाचपून बघतात. लांब लागलं की नावेत घेत नाहीत. आणि इथे राहिलं तर काय होतंय, ते तुम्ही बघताय."

बघतच होतो. मोठा राजा गेला, त्याच्या मुलांनी भावकी काढली, आणि काल आमच्या घोड्यांना पाणी पाजणारे गेपिड आज आमचे तळ जाळत हिंडत होते. नदीपलीकडे रोमनांचा मुलूख होता. तिथे रनिल्डाचा भाऊ होता.

मावशीने पट्टीखाली बोट घालून पोरीचं कपाळ चाचपलं. म्हणाली, "बारा दिवस झालेत बांधून. खूण पडलीय." आणि वेढे सोडायला लागली.

पुढचे आठ दिवस ती खूण जावी म्हणून मेंढीची चरबी लावून ते डोकं चोळत होती. मला बघवेना. म्हटलं, "मावशी, दे, मी चोळते."

"तुझे हात जड आहेत," ती म्हणाली.

नदीवर आम्ही दोघी पोचवायला गेलो, पण दहा पावलं मागे राहून. पहारेकऱ्याने पोरीच्या टोपीत हात घातला, पुढून-मागून चाचपलं आणि मान डोलावली. रनिल्डा नावेत बसणार, तोच पोर रडायला लागली आणि मावशीचा पाय आपसूक पुढे पडला.

पहारेकऱ्याने मावशीचं लांब डोकं बघितलं. "ए म्हातारे, ही तुझी कोण?"

रनिल्डाने तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलली. "माझी? असली भोपळी पोर माझी? हिची आई आमच्या दारची बटीक, आमचंच खाऊन पळून चाललीय." आणि ती सुनेच्या पायाशी थुंकली.

पहारेकरी हसला. त्याने नाव लोटली.

मावशी काठावर उभी राहून तोंडाला येतील त्या शिव्या घालत होती. एवढी घाण मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि मला रडू आवरेना. नाव थोडी आत गेली तेव्हा आजीचा आवाज ओळखून पोर रडायची थांबली. नाव पलीकडे लागेपर्यंत मावशी शिव्या देत राहिली.