टीव्हीच्या पाठीमागचं दर्शन

रविवारी सकाळी साडेदहालाच शत्रुघ्नच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. नालासोपाऱ्यातली तळमजल्याची खोली ती केवढी, पण चपलांचा ढीग जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढला होता. वालीवच्या गाळ्यांत आठवडाभर यंत्रं चालवणारे कामगार सुट्टीची झोप मोडून आले होते. अर्नाळ्याच्या दोन कोळणी पाट्या बाहेर ठेवून भिंतीला टेकल्या होत्या. सगळ्यांचे डोळे समोरच्या एकोणतीस इंची टीव्हीवर. टीव्हीखाली जरीचं कापड, वर झेंडूचे हार, पाठीमागे मखमली पडदा आणि पुढे सहा फुटांवर दोरी. दोरीच्या पलीकडे फक्त शत्रुघ्न जाणार, कारण पलीकडे म्हणे शक्ती होती.

शत्रुघ्न चार वर्षांपूर्वी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. आता माणसं शुद्ध करत होता. जीभ तीच, गिऱ्हाईकही तेच.

"माउली, विज्ञान जिथं दमून बसतं, तिथून आमचे अधरनाथ चालायला लागतात!" त्यानं कात्री उंचावली. "ही केबलवाल्याची वायर. बघून घ्या. नंतर म्हणाल, शत्रुघ्ननं फसवलं."

कचकन वायर तुटली. पडद्यावर मुंग्या नाचायला लागल्या.

"तार नाही, डिश नाही, अँटेना नाही! आता या खोक्यात काय उरलं?"

"काही नाही!" हॉल ओरडला.

"मग म्हणा, अधरनाथ, अधर या!"

मुंग्या गेल्या, पडदा निळा झाला आणि दाढीवाले अधरनाथबाबा प्रकटले. मागे हिमालय. हिमालय पंख्याच्या वाऱ्यानं जरा हलत होता, पण हात जोडलेल्या माणसाला तेवढं कुठलं दिसायला? बाबांनी वालीवच्या पांडूला नावानं हाक मारली, त्याची कंबर दुखते हे सांगितलं आणि तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. त्यांच्या नाकावर पांढऱ्या ठिपक्यांचं एक चक्र गरगरायला लागलं.

"सुदर्शन!" शत्रुघ्न गरजला. "बाबा तुमची पापं दळतायत. हात जोडा!"

शंभर हात जुळले. फक्त दारापाशी उभ्या मटिल्डाचे दोन हात कमरेवरच राहिले. असलं चक्र तिनं गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर डोकं दुखेपर्यंत पाहिलं होतं. ते २००९ साल होतं आणि नालासोपाऱ्यात इंटरनेटवरचा व्हिडिओ तीन मिनिटं चालायचा, दोन मिनिटं अडकायचा. त्या हिशेबानं या वस्तीत पापं फारच झाली होती.

मटिल्डा मूळची गिरीजची. तिचा नवरा बॅप्टिस्ट टीव्ही दुरुस्त करायचा. सात वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली, तेव्हा सासूनं एका बाईकडून काविळीची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. माळ रोज लांब व्हायची आणि घरातले म्हणायचे, कावीळ उतरतेय. माळ बेंबीपर्यंत आली, मग मांड्यांपर्यंत आली. ती गुडघ्याला लागली तेव्हा त्याला डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. पुढे मटिल्डानं ती माळ सोडून पाहिली. सैल गाठींत ओल्या काड्या बांधल्या होत्या. काड्या वाळल्या, गाठी सैलावल्या, माळ लांबली. एवढंच. तेव्हापासून नवऱ्याचं दुकान ती चालवत होती आणि कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्या मागे काय आहे ते बघायची.

आजही ती हौसेनं आली नव्हती. तिच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहणारी मीरा तिला ओढून घेऊन आली होती. मीरा देवगडची, नवरा मुंबईत नोकरीला, आणि एकुलती एक ज्ञानदा तेरा वर्षांची. पोरीला सहाव्या वर्षापासून साखर. दिवसातून चार सुया.

चक्र थांबलं, बाबांचं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"मीराची ज्ञानदा कुठाय? बेटी, फार टोचलं ना गं तुला? पुढच्या रविवारी सगळ्या सुया, सगळं औषध माझ्या चरणी ठेव. त्यानंतर एकही सुई नाही. टीव्हीवर ठेवलेलं पाणी फक्त."

ज्ञानदानं आईचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत जी आशा उतरली, ती मटिल्डाला दारापासूनही दिसली.

त्या संध्याकाळी मटिल्डा पहिल्यांदाच मीराशी भांडली.

"मीरा, डॉक्टरनं काय सांगितलंय? इन्सुलिन बंद केलं तर पोरगी दोन दिवस पन काढनार नाही."

"बाबांनी नाव घेऊन हाक मारली तिला. मी कुठं सांगितलं होतं त्यांना?"

"बुधवारी फॉर्म भरलास ना? अडचनपत्रक?"

"तो शत्रुघ्नभाऊंकडे. बाबा हिमालयात!"

"मंग शत्रुघ्नला फोन नाय काय?"

"आणि वायर? तुझ्यासमोर कापली."

"केबलवाल्याची कापली. टीव्हीच्या पाठीत आनखी धा भोकं असतात गं."

मीराचा चेहरा कडक झाला. "तू ख्रिश्चन. तुला आमचे बाबा नाही पटायचे."

"आमच्यात काय तोटा आहे? माझा बॅप्टिस्ट कोनत्या धर्माच्या माळेनं गेला?"

मीरा खाली बसली. मग हळूच म्हणाली, "सात वर्षं मी तिला रोज चारदा टोचतेय, मटिल्डा. झोपेतसुद्धा ती दंड लपवते. कुणीतरी एकदा म्हणालं, की आता पुरे. तू तरी त्याला नको म्हणू नकोस."

मटिल्डा जिना उतरून दुकानात आली. मायेला मुद्दा सांगून काय उपयोग? मायेला वायर दाखवावी लागते, आणि वायर दोरीपलीकडे होती.

आठवडा तिनं तसाच ढकलला. मीराच्या नवऱ्याशी बोलली, तर तो म्हणाला, हिला दुखवायचं नाही मला, बघू एक आठवडा पाण्यानं काय होतं ते. इथं एक आठवडा होता कुणाकडे?

दुसऱ्या रविवारी हॉल आणखी गच्च होता. मीरानं थर्मासमध्ये बर्फात इन्सुलिनच्या बाटल्या आणि पिशवीत सुया आणल्या होत्या. ज्ञानदानं नवा निळा फ्रॉक घातला होता. शत्रुघ्नच्या हातात तांब्याची कळशी. औषध तीत ओतायचं आणि कळशी खाडीत सोडायची, असा बेत.

कात्री चालली, मुंग्या नाचल्या, बाबा आले. आणि हॉलमध्ये कुजबुज उठली. बाबा काळेपांढरे झाले होते! भगवी कफनी राखाडी, कपाळावरचं कुंकू काळं. हिमालय तेवढा बरा दिसत होता.

क्षणभर शत्रुघ्नच्याही तोंडचं पाणी पळालं. पण विकणारा माणूस तो. "जय हो! आज बाबांनी रंगाचाही त्याग केला! मोहमायेचा शेवटचा रंग उतरवला!"

"जय हो!"

मटिल्डाला मात्र हसूच फुटलं. सिग्नल गेला तर चित्र जातं. चित्र ठणठणीत आणि नुसता रंग गेला, तर घोटाळा एकाच जागी. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायची जी चार पिनांची वायर येते, तिच्यात उजेड वेगळ्या पिनांतून येतो आणि रंग वेगळ्या. रंगाची पिन वाकली की माणूस काळापांढरा होतो, मग तो बाबा असो की बातम्या सांगणारी बाई. दर रविवारी ताजे हार चढवायचे म्हणजे दर रविवारी त्या पिनेला हिसका.

आणि गेल्या मार्चमध्ये विघ्नेश नावाचा एक सायबर कॅफेवाला तिच्या दुकानात येऊन अशीच वायर बनवून घेऊन गेला होता. चांगली अकरा मीटर. पोरांना आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं कार्टून हॉलच्या टीव्हीवर बघायचंय म्हणाला होता. एवढी लांब तयार मिळत नाही म्हणून तिनं स्वतः टोकांना सोल्डरिंगचे डाग दिले होते. म्हणजे बाबांना नालासोपाऱ्यात आणणारी तीच!

पडद्यावर बाबा बोलत होते, "ज्ञानदा बेटी, आली ना तू? मी वाटच बघतो आहे." मग खोकले. "आण, ठेव इथे."

मीरा उठली. थर्मासचं झाकण फिरवायला लागली.

"ओ शत्रुघ्नभाऊ," मटिल्डा दारातूनच ओरडली, "बाबांचा रंग परत आनू काय? दोन मिंटांचं काम आहे."

"मटिल्डाबाई, बसून घ्या. दोरीपलीकडे शक्ती आहे. झटका बसेल."

"सात वर्सं झटके खाऊनच पोट भरतेय."

ती माणसांच्या खांद्याखांद्यांतून पुढे आली, दोरी ओलांडली आणि शत्रुघ्न आडवा येईपर्यंत मखमली पडद्यामागे हात घातलासुद्धा. हार बाजूला केले. काळी जाड वायर. वायरीच्या मानेवर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका.

बॅप्टिस्टला तिची जांभळी नखं फार आवडायची. तो गेल्यावर तिनं नखं रंगवणं सोडलं, पण बाटली दुकानात ठेवली. आपण दिलेल्या प्रत्येक डागावर ती एक ठिपका लावायची, म्हणजे वस्तू परत आली तर कळावं, हे आपलं काम.

"मीरा, बघ हां," ती म्हणाली आणि वायर जराशी वर उचलली.

बाबा भगवे झाले.

वायर सोडली. बाबा राखाडी.

उचलली. भगवे. सोडली. राखाडी. तीनचारदा बाबांनी रंग घेतला आणि टाकला. तेवढ्यात कोळणींपैकी एकीनं कपाळाला हात लावला. "अगं बाय! हिच्या हातात शक्ती हाय! जय मटिल्डामाता!"

"जय मटिल्डामाता!" मागून दहाबारा जणांनी सूर ओढला, आणि दोघं तर पाया पडायला दोरीखालून सरपटायलाही लागले.

मटिल्डानं आजवर कुणावर एवढा आवाज चढवला नव्हता. "ऊठ! ऊठ म्हनते! माझ्या पायात काय ठेवलंय? पाया पडू नका, मागं येऊन बघा!"

वायर भिंतीतल्या भोकातून आतल्या खोलीत गेली होती. शत्रुघ्न त्या दारापुढे उभा राहिला, पण कंबर दुखणाऱ्या पांडूनं त्याला असा बाजूला सारला, की कंबरेचं दुखणं खरंच बरं झालं असावं. आत विघ्नेश कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात वर करून बसला होता. कुणी त्याला हात वर करायला सांगितलं नव्हतं.

गडबडीत बाबांचं बोलणं संपलं होतं. एरवी विघ्नेश तिथंच वायर काढायचा. आज ती तशीच राहिली, आणि हॉलमधल्या टीव्हीवर बाबांच्या जागी लहानलहान चौकोन उमटले. पुढे काय बघाल? घरच्या घरी पाणीपुरी. टक्कल पडलंय? पाच उपाय. विघ्नेशनं घाबरून कळ दाबली, तर त्याखाली तारीखही दिसली. हिमालयातून थेट येणारे बाबा गुरुवारी दुपारीच येऊन बसले होते. फॉर्म बुधवारी भरून घ्यायचे, ते फोनवर वाचून दाखवायचे, शत्रुघ्नच्या मावसभावानं दाढी लावून कॅमेऱ्यापुढे बोलायचं आणि व्हिडिओ इंटरनेटवर चढवायचा. विघ्नेशनं हे सगळं कुणी न विचारताच सांगून टाकलं.

"खोटं!" शत्रुघ्न किंचाळला. "ही बाबांनी घेतलेली परीक्षा आहे! श्रद्धा डळमळली तर..."

आणि गंमत बघा, पुढच्या रांगेतली दोनतीन डोकी हललीसुद्धा. मीराच्या हातात थर्मास तसाच होता. झाकण अर्धं उघडं.

मग ज्ञानदा आत गेली. विघ्नेशच्या हाताखालचा माउस तिनं स्वतः ओढून घेतला. शाळेत कॉम्प्युटर शिकलेल्या पोरीला एवढं सांगावं लागत नाही. तिनं व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि दारात येऊन उभी राहिली.

"ज्ञानदा बेटी, आली ना तू? मी वाटच बघतो आहे." बाबा खोकले. "आण, ठेव इथे."

ती आत गेली, पुन्हा लावला.

"आली ना तू? मी वाटच बघतो आहे." पुन्हा तोच खोकला, त्याच जागी.

तिसऱ्या वेळेला खोकला यायच्या आधीच कुणीतरी मागून खोकलं आणि हॉल हसत सुटला. ज्ञानदा हसली नाही. "मी आले नसते तरी हा असंच म्हणाला असता, आई," ती म्हणाली आणि आईच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागली. मीरानं थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

शत्रुघ्नला पकडून ठेवा म्हणेपर्यंत तो मोरीच्या खिडकीतून गेला होता. झब्ब्याचा एक तुकडा खिळ्याला राहिला. तो मात्र कुणी प्रसाद म्हणून नेला नाही, एवढी प्रगती झाली.

माणसं उठायला लागली तशी मटिल्डा दारात आडवी उभी राहिली. "पुढून दर्शन सगळ्यांनी घेतलंत. आता रांगेनं मागून घ्यायचं. त्याशिवाय कोन घरी जानार नाही." आणि खरोखर रांग लागली. एकेक जण मखमली पडद्यामागे वाकला, काळी वायर पाहिली, भोक पाहिलं, जांभळा ठिपका पाहिला. प्रत्येकाला ती एकच सांगत होती. देव माना, नका मानू, तुमची खुशी. पण कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी तेच हात त्याच्या मागं घालून बघा. बघू देत नसेल, दोरी बांधत असेल, तर समजा तिथंच वायर आहे. आनि औषध बंद करायला सांगनारा देव असो की बाबा, तो डॉक्टर नाही.

रांगेत सगळ्यात शेवटी मीरा होती. तिनं वाकून बघितलं, बोटानं तो ठिपका पुसून बघितला. तो पुसला गेला नाही. मग ती मटिल्डाचा दंड धरून राहिली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. जेवणाआधीच्या सुईची वेळ. ज्ञानदानं डोळे पुसले, थर्मास उघडला आणि आईनं सुई हातात घेण्याआधीच म्हणाली, "दे. आजपासून मी घेते." पोटाची घडी चिमटीत धरून तिनं स्वतःला टोचून घेतलं.

"दुखलं काय गं?" मटिल्डानं विचारलं.

"दुखलं," ज्ञानदा म्हणाली. "खरी आहे ना ती."