बांधाच्या आतलं घर

कोपर गावच्या महिपतनं आपलं खाडीकाठचं एक भातखाचर मुंबईच्या हरिहरपंतांना विकलं आणि गावाची झोप उडाली. प्लेगच्या धास्तीनं त्या वर्षी मुंबईची माणसं रेल्वेच्या कडेकडेनं जागा हुडकत फिरत होती. ज्या खाचरात बापानं जन्मभर चिखल तुडवला, तिथं पंतांचं घर उभं राहिलेलं बघून महिपतला गलबलून यायचं. पण त्याच व्यवहारामुळे त्याच्या झोपडीवर पहिल्यांदा कौलं चढली होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांतला तो नव्हता.

गावाला खरी काळजी होती बांधाची. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावानं मातीचा लांबलचक बांध राखला होता. उधाणात त्याला खांड पडली की दारोदार हाळी द्यायची, आणि बांधाच्या आतल्या प्रत्येक घरातलं एक माणूस आलंच पाहिजे. गडी पाठवून भागत नसे. बांधाचा कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या गुणाजीनं महिपतला बजावलं होतं की, तुझे पंत आले नाहीत तर गावच्या बैठकीत तुलाही जागा नाही.

पिठोरी अमावास्येला भर दुपारी उधाणानं बांध फोडला. हाळी द्यायची पाळी नेमकी महिपतची. तो ओरडत घरोघर धावला, पण हरिहरपंतांच्या दाराशी त्याचे पाय अडखळले. कचेरीत कागद खरडणारा माणूस गुडघाभर चिखलात कशाला उतरतोय? नाही म्हणाला तर चारचौघांत आपलीच शोभा. म्हणून तेवढं एकच दार वगळून तो पुढं गेला. हाळी न दिलेलं घर म्हणजे वाळीत टाकलेलं घर, हे कोपरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण घाबरलेल्याला अक्कल कुठली?

बांधावर माती टिकेना. टाकावी तेवढी पाणी ओढून नेत होतं. इतक्यात धोतर खोचून हरिहरपंत आले आणि त्यांच्यामागून डोईवर विटांची पाटी घेऊन त्यांच्या पत्नी गोदाबाई. माडीसाठी आणलेल्या सगळ्या विटा खांडीत घाला, असं पंतांनी गुणाजीला सांगितलं. गाव रांगेनं उभं राहिलं, विटा हातोहात आल्या आणि ओहोटी लागायच्या आत खांड बुजली. लावणी वाचली. गुणाजीनं पंतांना हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं.

उपकार फेडायचे कसे, हे महिपतला कळेना. दिवस कलताना तो पंतांच्या अंगणात जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

"मना वाटला, तुमी येनार नाय," तो म्हणाला. "म्हनून तुमचे दारान हाली नाय दिली."

पंत पायरीशी आले.

"मुंबईत आमचा मुलगा प्लेगनं गेला. सरकारी माणसांनी दारावर खूण केली, तेव्हापासून त्या दारात कुणी पाऊल टाकलं नाही. आज तुम्ही पुढं निघून गेलात, तेव्हा ही म्हणाली, इथंही कळलं वाटतं."

महिपत परत फिरला, वाटेवर गेला, घराकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं गावभर ऐकू जाईल अशी हाळी दिली, "पंत, बांद फुटलाय, घरचा मानूस येवा!"

खांड दुपारीच बुजली होती, तरी गोदाबाई पदर खोचत बाहेर आल्या.